उपासमारीतही वाढणारी गाठ

स्वादुपिंडाच्या कर्करोगाची गाठ टणक असते. तिच्यात कर्करोगाच्या पेशी थोड्या आणि त्यांच्याभोवती साचलेले चिवट तंतूच बऱ्याचदा जास्त. या गचडीत बारीक रक्तवाहिन्या चेपून जातात. रक्तवाहिनीपासून 100 ते 200 मायक्रॉन अंतरावर, म्हणजे एक-दोन केसांच्या जाडीइतक्या पल्ल्यात, प्राणवायू जवळजवळ संपतो. ग्लुकोज आणि अमिनो आम्लांचीही ओढाताण असते. अशा दुष्काळात निरोगी पेशी वाढ थांबवते. ही गाठ मात्र वाढतच राहते.

कर्करोगाची पेशी प्राणवायू असतानाही बरेचसे ग्लुकोज अर्धवटच जाळते, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी 1920च्या दशकात दाखवले. ग्लुकोजचा एक रेणू पूर्ण जळाला तर एटीपी या ऊर्जारेणूचे सुमारे 30 रेणू मिळतात, अर्धवट जळाला तर अवघे 2. म्हणून ती पेशी भरपूर ग्लुकोज ओढते. ही भूक पेट स्कॅन या तपासणीत चमकते, आणि त्यावरूनच ‘साखर बंद करा, गाठ उपाशी मरेल’ हा समज घरोघरी पसरला. प्रत्यक्षात साखर सोडली तरी यकृत ग्लुकोज तयार करून रक्तातली पातळी सांभाळते. खाणे तोडल्याने गाठीआधी रुग्णच खंगतो.

शिवाय गाठ एकट्या ग्लुकोजवर जगत नाही. स्वादुपिंडाच्या या कर्करोगात दहापैकी नऊहून अधिक रुग्णांच्या गाठीत केरास हे जनुक बिघडलेले असते. त्या बिघाडामुळे पेशीचे आवरण सतत उसळत राहते. आवरणाचा पडदा लाटेसारखा वर उठतो, कलंडतो, पुन्हा पेशीला चिकटतो आणि बाहेरच्या द्रवाचा एक टपोरा थेंब आत कोंडला जातो. पेशीचे हे ‘पिणे’ वॉरेन लुईस या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1931 मध्येच टिपले होते. पण कर्करोगाची पेशी त्यावर पोसली जाते, हे न्यूयॉर्कच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवले. त्या थेंबात अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन असते. थेंबाची पिशवी आम्लाने भरलेल्या लायसोसोमला मिळते, तिथे अल्ब्युमिनचे तुकडे होतात आणि पेशीला हवे असलेले ग्लुटामाइन हे अमिनो आम्ल हाती येते.

तेवढ्याने भागले नाही तर पेशी स्वतःचेच जुने भाग त्याच लायसोसोममध्ये पचवते. शेजारच्या, कर्करोग नसलेल्या तारकापेशीही तिला अॅलॅनिन हे अमिनो आम्ल पुरवतात. इतक्या वाटा उघड्या असताना एकच वाट अडवून गाठ हटत नाही, ही उपचारांतली खरी अडचण आहे.

मुलांच्या तीव्र ल्युकेमियात मात्र अशीच एक नाकेबंदी साधली. त्या पेशींना अॅस्परॅजिन हे अमिनो आम्ल पुरेसे बनवता येत नाही, रक्तातून घ्यावे लागते. अॅस्परॅजिनेज हे औषध रक्तातलेच अॅस्परॅजिन तोडते. 1970च्या दशकापासून ते वापरात आहे आणि अनेक मुले त्याच्या साथीने बरी झाली आहेत. तरीही काही पेशी अॅस्परॅजिन बनवणारे जनुक पुन्हा जागे करून निसटतात.

स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी लायसोसोमचे काम मंद करणारे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, मलेरियाचे जुने औषध, केमोथेरपीच्या जोडीला देऊन पाहिले गेले. 2019 मध्ये निकाल आलेल्या चाचणीत गाठ आकसलेल्या रुग्णांचे प्रमाण वाढले, पण वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण वाढले नाही.