जर्मनीत शिकायला गेलेल्या लेकराचा महिना



"तिकडे फी नाही म्हणे." गटांच्या बैठकीत हल्ली हे वाक्य वारंवार कानावर येतं. कुणाची लेक इंजिनिअर झाली, कुणाचा भाचा कृषी पदवीधर झाला, आता पुढचं शिक्षण जर्मनीत करायचं म्हणतात. फी नाही, वर शिकता शिकता काम मिळतं, म्हणजे कर्जाचे हप्तेही तिकडूनच येतील, असा हिशेब घरोघर मांडला जातो. या हिशेबातला पहिला भाग बराचसा खरा आहे. शेवटचा भाग मात्र जुळत नाही. आणि कर्जाच्या कागदावर सहकर्जदार म्हणून आईची सही असते. म्हणून आज आपण हा हिशेब नीट उलगडून बघू.

जर्मनीला शिकायला जाणं आपल्याकडे अगदीच नवं नाही. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या आणि मानवशास्त्रातली डॉक्टरेट घेऊन आल्या. पण तेव्हा जाणारी माणसं मोजकी होती. आता २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीतल्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ४९ हजारांवर गेली होती. तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांत सगळ्यात मोठा गट आता आपल्या देशाचाच आहे.

आधी फीचं बघू. जर्मनीतली बहुतेक सरकारी विद्यापीठं शिकवण्याची फी घेत नाहीत. दर सहा महिन्यांनी एक वर्गणी भरायची असते. ती शंभर ते चारशे युरोंच्या दरम्यान असते, आणि पुष्कळ ठिकाणी त्यातच बस-रेल्वेचा पासही येतो. पण याला अपवाद आहेत. बाडेन-वुर्टेमबर्ग नावाच्या राज्यात भारतासारख्या देशांतल्या विद्यार्थ्यांना एका सत्राला १,५०० युरो फी आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही अशा नव्या विद्यार्थ्यांना फी लावली आहे. आणि खासगी कॉलेजं तर भरपूर फी घेतात. एजंट "जर्मनी" एवढंच सांगतो, कॉलेज सरकारी की खासगी हे सांगत नाही. ते आपण विचारायचं.

आता खर्चाचं. हिशेबाला सोपं म्हणून एक युरो म्हणजे शंभर रुपये धरू. भाव रोज थोडा वर-खाली होतो.

व्हिसा मिळण्याआधी विद्यार्थ्याला एक खास खातं उघडावं लागतं. सप्टेंबर २०२४ पासून त्यात एका वर्षासाठी ११,९०४ युरो, म्हणजे जवळजवळ बारा लाख रुपये आधीच भरून दाखवावे लागतात. हे पैसे कॉलेजचे नाहीत. ते त्याच मुलाच्या किंवा मुलीच्या जेवणाखाण्याचे, राहण्याचे आहेत. पण एकदम काढता येत नाहीत. महिन्याला ९९२ युरोच मिळतात. कणगीत वर्षाचं धान्य भरून ठेवायचं आणि महिन्याला मापानेच काढायचं, तसंच हे.

त्या ९९२ युरोंचं होतं काय? विद्यार्थी वसतिगृहात खोली मिळाली तर भाडं तीनशे युरोंच्या आसपास बसतं. पण तिथे नंबर लागायला कित्येक महिने जातात. तोवर तिघा-चौघांनी मिळून घेतलेल्या घरात एक खोली घ्यायची. तिला चारशे-पाचशे लागतात आणि म्युनिकसारख्या शहरात त्याहून बरेच जास्त. आपण साडेचारशे धरू. आरोग्य विमा सक्तीचा आहे, त्याचे साधारण १४५. राहिले ३९७. स्वतः रांधून खाल्लं तर महिन्याचा किराणा-भाजी दोनशे. सहामाही वर्गणीसाठी दरमहा पन्नास बाजूला. राहिले १४७. त्यात फोन, साबण, पुस्तकं, कागदपत्रांची फी, आणि थंडीचा जाड कोट नि बूट. महिना संपतो तेव्हा हातात विशेष काही उरत नाही.

विम्याचे पैसे जास्त वाटतात, पण ते वाया जात नाहीत. सरकारी विम्याचं कार्ड दाखवलं की डॉक्टर तपासणीचे वेगळे पैसे घेत नाही. "आजारी पडली तर कसं?" ही आपली पहिली धास्ती असते. तिचं उत्तर या कार्डात आहे. तातडीच्या वेळी फिरवायचा नंबर ११२, आपल्याकडे आहे तोच.

आता रोजचा दिवस बघू. गेल्या गेल्या पहिलं काम असतं नगरपालिकेच्या कार्यालयात आपला पत्ता नोंदवण्याचं. खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ते करायचं, आणि सोबत घरमालकाचं पत्र लागतं. आपल्याकडच्या रहिवासी दाखल्यासारखंच, पण त्याच्यावाचून पुढचं फारसं काही हलत नाही. कामाला लागणारा कराचा नंबरही त्यानंतरच येतो. सरकारी पत्रं टपालाने येतात, जर्मन भाषेत. वर्गातलं शिक्षण इंग्रजीत असलं तरी पत्र, भाड्याचा करार, डॉक्टरकडची पाटी जर्मनच. म्हणून निघण्याआधी सहा महिने तरी भाषा शिकणं ही चैन समजू नका. काम मिळायलाही तीच उपयोगी पडते.

स्वयंपाकघर चौघांत एक. फ्रिजमधला एक कप्पा आपला. भांडी कुणी, फरशी कुणी, याची पाळी भिंतीवर लिहिलेली असते आणि ती मुलाला असो की मुलीला, सारखीच. ज्या घरात मुलाने कधी ताट उचललं नाही, त्या मुलाला तिकडे पहिला महिना जड जातो. घरात धुराची सूचना देणारं यंत्र छताला बसवलेलं असतं. मिरचीची फोडणी जरा करपली की ते केकाटायला लागतं. डाळ, तांदूळ, हरभरे, भेंडी तुर्की किंवा आशियाई दुकानात मिळतात. भाकरीचं पीठ सगळीकडे मिळेलच असं नाही.

कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकायचा: कागद वेगळा, पुड्या-डबे वेगळे, भाजीची देठं वेगळी. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीमागे दुकानदार पंचवीस सेंट अनामत घेतो. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की ते परत मिळतात. पंचवीस सेंट म्हणजे पंचवीस रुपये. त्यामुळे विद्यार्थी बाटल्या फेकत नाहीत, पिशवीत साठवतात. रविवारी किराणा दुकानं बंद, म्हणून बाजार शनिवारीच उरकायचा. रात्री दहानंतर मोठा आवाज चालत नाही. ट्राममध्ये चढताना तिकीट कुणी विचारत नाही, पण तपासनीस आला आणि तिकीट नसलं तर दंड ६० युरो.

आता मुख्य मुद्दा, कामाचा. विद्यार्थ्याला काम करायची परवानगी आहे, पण मोजून. १ मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. नाहीतर दुसरी मोजणी अशी, की वर्ग चालू असताना आठवड्याला वीस तास. विद्यापीठातलंच सहायकाचं काम मिळालं तर ते या मोजणीत धरत नाहीत. किमान मजुरी कायद्याने ठरलेली आहे. २०२५ मध्ये ती तासाला १२.८२ युरो होती, जानेवारी २०२६ पासून १३.९० झाली. ऐकायला मोठी रक्कम वाटते. तासाला तेराशे रुपये! पण खर्चही युरोतच आहे. आठवड्याला वीस तास सलग मिळालेच, तर कपात होऊन महिन्याला हजार युरोंच्या आसपास हातात येतात. म्हणजे कसंबसं त्या महिन्याचं राहणं-खाणं निघतं. आणि गेल्या गेल्या काम मिळत नाही. भाषा येत नसेल तर गोदामात खोकी उचलणं, हॉटेलात भांडी घासणं, सायकलवरून जेवण पोचवणं, असलीच कामं आधी वाट्याला येतात.

शिवाय पहिल्या वर्षाची कणगी वर्षाअखेर रिकामी होते. निवास परवाना वाढवून घेताना पुढच्या वर्षाच्या खर्चाचा पुरावा पुन्हा द्यावा लागतो. म्हणजे पहिल्या वर्षी जे काही कमावलं, ते दुसऱ्या वर्षाचं बियाणं आहे. ते इकडे हप्त्याला मागवलं तर पुढच्या पेरणीला काय उरेल?

"मग जास्त तास काम कर की." असं आपल्या तोंडून सहज निघतं. इथेच खरा धोका आहे. मर्यादेपेक्षा जास्त काम केलं, कागदाविना रोख पैशावर केलं, तर निवास परवानाच धोक्यात येतो. दुसरा धोका अभ्यासाचा. तिकडे पुष्कळ विषयांत हजेरी घेत नाहीत. वर्षभर कुणी रागावत नाही, कुणी विचारत नाही. सत्राच्या शेवटी एक परीक्षा, आणि तिच्यावर सगळं. बहुतेक विद्यापीठांत एका विषयाची परीक्षा तीनदाच देता येते. तिसऱ्यांदा नापास झालं की त्या अभ्यासक्रमातून नाव कमी होतं, आणि व्हिसा तर शिक्षणासाठीच दिलेला असतो. आठवड्याचे दहा तास वाचवले तर पदवी हाती येते. तेच दहा तास विकले तर कधी कधी कर्जही राहतं आणि पदवीही जाते. म्हणून आम्ही म्हणतो, त्या दोन वर्षांत मुलांजवळचं खरं भांडवल वेळ हेच आहे.

पदवी मिळाल्यावर नोकरी शोधायला अठरा महिने राहता येतं. हप्त्याची आशा तिथून धरावी, त्याआधी नाही.

मग मधल्या काळात इकडे काय करायचं? पंधरा लाखांचं कर्ज, दहा टक्के व्याज धरलं, तर पूर्ण रक्कम उचलल्यावर वर्षाचं नुसतं व्याज दीड लाख. महिन्याला साडेबारा हजार. शिक्षण चालू असताना आणि साधारण त्यानंतरच्या एका वर्षात बँका हप्ता मागत नाहीत, पण व्याज चढतच असतं. हे साडेबारा हजार इकडच्या कमाईतून भागतील का, की पुढे मुद्दलात मिळवले जातील, हे घरात बसून सहीच्या आधी ठरवा. बँकेत जाऊन तीन गोष्टी विचारा. व्याज कधीपासून लागतं? मधल्या काळात थोडं थोडं भरलं तर सवलत आहे का? तारण काय लागेल आणि ते कधी सुटेल? हे व्याज भरायला गटातून कर्ज काढायची वेळ येत असेल, तर ते कर्ज कशातून फेडणार हेही तेव्हाच मांडा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिची जाहिरात आणि अटी समाजकल्याण कार्यालयात जरूर बघा. कर्जाआधी शिष्यवृत्ती, हा क्रम धरा.

पिशवी भरताना एक लक्षात ठेवा. दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला युरोपात नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खव्याची मिठाई नको. आंबे, ताजा कढीपत्ता, रोपंही नकोत. काळा मसाला, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, पापड चालतात. प्रेशर कुकर मात्र द्या, त्याने गॅस-वीज दोन्ही वाचतं.

शेवटी फोनचं. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार. आपण रात्री नऊला कामं आवरून फोन लावतो, तेव्हा तिकडे संध्याकाळचे साडेचार-साडेपाच झालेले असतात, मूल वर्गात नाहीतर कामावर असतं. फोन उचलला नाही म्हणजे विसरलं असं नाही. रविवारी संध्याकाळी सातची वेळ ठरवा, तेव्हा तिकडे दुपार असते आणि बाजार बंद असतो.

डिसेंबरात बर्लिनला दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. अंधार, थंडी, एकटी खोली, यांनी चांगली धडधाकट लेकरंही मिटून जातात. "सगळं ठीक आहे" एवढंच सांगायला लागतात. पैसे विचारले की फोन आणखी छोटा होतो. म्हणून आधी विचारा, जेवलीस काय? पत्ता नोंदवून झाला का? या आठवड्यात किती तास काम केलंस? परीक्षा कधी आहे, आणि ही कितवी वेळ? मन लागत नसेल तर तिकडच्या विद्यार्थी सेवा संस्थेत समुपदेशक असतात, बहुतेक ठिकाणी मोफत. तिथे जायला आपणच सांगावं. आईने सांगितलं की त्यात कमीपणा वाटत नाही.

आणि गुणांचं एक गंमतीचं. तिकडे एक म्हणजे सगळ्यात उत्तम, चारपर्यंत पास, पाच म्हणजे नापास. तेव्हा लेक म्हणाली, "आई, मला एक मिळाला," तर घाबरू नका. साखर वाटा.

मैत्रिणींनो, आपल्या गटात कुणाचं लेकरू जायच्या तयारीत असेल, तर हा हिशेब पुढच्या बैठकीत फळ्यावर मांडा. त्या घरातल्या आईला शेजारी बसवा. आकडे तिच्या तोंडून येऊ द्या, आणि सही त्यानंतर. पुढच्या कार्यक्रमात पुन्हा भेटू. नमस्कार.