विश्लेषण : जपानी पासपोर्ट सोडणाऱ्या अराता इझुमीचे नाव पुन्हा पुन्हा चर्चेत का येते?

खोपोली-कर्जत लोकलमध्ये मोबाइलवर फुटबॉलच्या रील्स पाहणाऱ्या मुलांना जपानचे मितोमा, कुबो ही नावे नवी नाहीत. मात्र भारतीय फुटबॉलवरून समाजमाध्यमांवर वाद रंगला की आणखी एक जपानी नाव हमखास पुढे येते, ते म्हणजे अराता इझुमी. खेळणे थांबवल्यानंतरही चाहते त्याची आठवण का काढतात?

कोण आहे अराता?

जन्म १९८२ चा, जपानमधील शिमोनोसेकीचा. वडील भारतीय, आई जपानी. नीलकंठ खंभोळजा हे त्याचे भारतीय नाव. २००६ मध्ये तो ईस्ट बंगालकडून खेळण्यासाठी भारतात आला. पुढे मुंबईचा महिंद्रा युनायटेड आणि नंतर पुणे एफसी, अशी त्याच्या कारकीर्दीतील महत्त्वाची वर्षे महाराष्ट्रात गेली. २०१३ मध्ये त्याने भारतीय संघातून पदार्पण केले. आयएसएलमध्ये तो कोलकाता, पुणे आणि केरळच्या संघांकडून खेळला.

पासपोर्ट का सोडावा लागला?

भारतीय पासपोर्ट असेल तरच देशाकडून खेळता येईल, असे धोरण केंद्र सरकारने २००८ मध्ये स्वीकारले. ओसीआय कार्ड त्यासाठी चालत नाही. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही आणि जपानमध्येही स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतल्यास जपानी नागरिकत्व जाते. त्यामुळे भारताची जर्सी घालायची तर अरातापुढे एकच वाट होती. १९९८ पासून प्रत्येक विश्वचषक खेळणाऱ्या देशाचे नागरिकत्व सोडून त्याने विश्वचषकात एकदाही न खेळलेल्या देशाचे घेतले. चाहत्यांना भावते ते हेच.

चर्चा पुन्हा का?

ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्यात सिंगापूरकडून १-२ असा पराभव झाला आणि २०२७ च्या आशियाई चषकाची भारताची संधी हुकली. परदेशातील भारतीय वंशाचे खेळाडू घ्या, ही मागणी पुन्हा जोरात सुरू झाली. त्यानंतरच्या महिन्यातच ऑस्ट्रेलियात जन्मलेला रायन विल्यम्स भारतीय पासपोर्टधारक झाल्याचे जाहीर झाले. त्याची आई मूळची मुंबईची. साहजिकच त्याची तुलना अराताशी झाली.

इतरांना हे सोपे का नाही?

ओसीआय कार्डधारकाला नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. पण त्यासाठी सर्वसाधारणपणे कार्डला पाच वर्षे झालेली असावी लागतात आणि अर्जापूर्वी वर्षभर भारतात वास्तव्य लागते. युरोपातील क्लबशी करार असलेल्या खेळाडूने वर्षभर इथे राहायचे, म्हणजे तिथली जागा गमावण्याची जोखीम. शिवाय युरोपचा पासपोर्ट गेला की तिथे काम करण्याचा हक्कही जातो. समाजमाध्यमांवर मागणी करायला पैसा लागत नाही. निर्णय घेणाऱ्याला मात्र आयुष्याची घडी बदलावी लागते.

कर्जत-खालापूरशी संबंध काय?

अराताने पुढे प्रशिक्षणाकडे मोर्चा वळवला. नवी मुंबईत घणसोली येथे केंद्र असलेल्या रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्सच्या मुलांना त्याने घडवले. कर्जतहून ठाण्याला गाडी बदलली की घणसोली गाठता येते. परदेशातून तयार खेळाडू आणायचे की इथली मुले घडवायची, या वादात अराताने स्वतः दोन्ही केले आहे. त्याने ज्यासाठी पासपोर्ट सोडला, ते नागरिकत्व कर्जत-खालापूरच्या मुलांकडे जन्मापासून आहे. त्यांना हवे आहे ते रोज खेळता येईल असे मैदान आणि शिकवणारा प्रशिक्षक.