पोहणाऱ्याच्या पायांतील पर

मुळशी तालुक्यांतील चांदे व त्याच्या आसपासच्या खेड्यांत पोहणें शिकावयाचें तें विहिरींत, ही जुनी रीत. पाठीस वाळका भोपळा बांधावा आणि उडी टाकावी. भोपळा तरंगवितो, पाय मात्र ज्याचे त्यानेंच हलवावयाचे. चांद्याहून फार दूर नसलेल्या बालेवाडीच्या श्रीशिवछत्रपति क्रीडासंकुलांत २००८ सालीं राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा झाल्या. अशा तलावांवर सरावासाठीं वापरतात तें साधन भोपळ्याच्या अगदीं उलट जातीचें; तें म्हणजे पायांत घालावयाचे रबरी पर, अर्थात् फिन. हे पर बुडणाऱ्यास तारीत नाहींत. ते पायांना कामास लावतात. रबरी परांचें पेटंट लुई द कोर्लिये या फ्रेंच गृहस्थानें १९३३ सालीं घेतलें.

माणसाचें पाऊल लहान. पाण्यास तें फारसें रेटूं शकत नाहीं. म्हणून केवळ पायांच्या बळावर पोहणारा दमतो पुष्कळ आणि सरकतो थोडा. पर चढविले कीं पृष्ठभाग वाढतो, प्रत्येक लाथेस अधिक पाणी मागें सारावें लागतें. मांड्या, नितंब व पोटऱ्या हे मोठे स्नायु प्राणवायु मागूं लागतात आणि हृदय व फुप्फुसें यांस तो पुरवावा लागतो. शरीराचा भार पाण्यानें तोललेला असल्यामुळें धांवण्यांत गुडघ्यांस बसणारे धक्के येथें नाहींत. मात्र लाथ कमरेपासून निघावी. सायकल चालविल्यासारखे गुडघे दुमडणारा मनुष्य पर घालूनही जागच्या जागींच राहतो!

दुकानांत लांब पर डोळ्यांत भरतात. पण ते पाणबुड्यांच्या सोयीचे. त्यांनीं लाथ संथ होते व घोट्यांवर ताण पडतो. व्यायामासाठीं आंखूड व लवचिक पातेंच बरें, कारण त्यानें लाथेची स्वाभाविक लय टिकते. पर सैल असला तर टांच सोलते, घट्ट असला तर तळपायांत गोळे येतात. म्हणून पायांत चढवूनच घ्यावा.

आरंभीं पंचवीस मीटरच्या चार फेऱ्या, मध्यें श्वास स्थिर होईपर्यंत विसांवा, इतकें पुरे. मग पर काढून तितकेंच पोहावें, म्हणजे मोकळ्या पायांची संवय मोडत नाहीं. हृद्रोग असणाऱ्यांनीं अगोदर डॉक्टरांस विचारावें. काठावर पर घालून चालूं नये. तेथें घसरणें फार सोपें.

खरा धोका निराळाच आहे. परांमुळें वेग वाढतो आणि नवशिक्यास आपण पोहणारे झालों असें वाटूं लागतें. खोल पाण्यांत एक पर निसटला कीं तो भ्रम तत्काळ फिटतो. परांवांचून तलावाची लांबी सहज पार करतां येत नाहीं, त्यानें ते घालून खोल भागांत जाऊं नये. आणि मुळशी धरणाच्या जलाशयांत, जेथें धरावयास कठडा नाहीं, तेथें तर मुळींच उतरूं नये.

वापर झाल्यावर पर गोड्या पाण्यानें धुवून सांवलींत वाळवावे. उन्हांत रबर तडकतें.