मेलेल्याची उलटतपासणी कशासाठी?

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याने माणसे चिरडली की खटला चालकावर उभा राहतो. पण उलटतपासणी सुरू झाली की प्रश्न मेलेल्यांबद्दल येऊ लागतात. ते तिथे का झोपले होते? तेही प्यायले होते का? झोपडी टाकायला परवानगी होती का? जणू आरोपीच्या पिंजऱ्यात मृतालाच उभे केले आहे! हे प्रश्न कायद्यात बसतात काय, हे चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी समजून घेतलेच पाहिजे. कारण फूटपाथवर झोपणारा माणूस बहुधा आपलाच असतो.

१२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक गाडी फूटपाथवर चढली. सात जण ठार झाले, आठ जखमी. त्याच रस्त्याच्या कामावरचे हे कष्टकरी फूटपाथवरच्या आपल्या झोपड्यांपुढे झोपले होते. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के मद्यार्क आढळला. कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के. सत्र न्यायालयाने २००७ मध्ये निष्काळजीपणाचे कलम लावून सहा महिने कैद दिली. उच्च न्यायालयाने त्याच वर्षी सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षे सक्तमजुरी सुनावली. १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मेलेले फूटपाथवर झोपले होते, म्हणून आरोपी सुटला नाही.

आता कायदा पाहू. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ३ जुन्या कायद्याचेच तत्त्व सांगते : वादातली बाब आणि तिच्याशी संबद्ध बाब, एवढ्याचाच पुरावा चालतो. मृताचाही हलगर्जीपणा होता, हा फौजदारी खटल्यात बचाव होत नाही. तो मुद्दा मोटार अपघात न्यायाधिकरणापुढचा. तिथे त्यावरून भरपाई कमी होऊ शकते.

एक दार मात्र उघडे आहे आणि ते उघडेच राहिले पाहिजे, असे आम्ही मानतो. कुर्बान हुसेन रंगवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मृत्यू हा आरोपीच्या कृत्याचा थेट परिणाम असला पाहिजे. एखादा माणूस अचानक गाडीपुढे धावला आणि शुद्धीवरचा चालकही त्याला वाचवू शकला नसता, तर मृताचे वर्तन तपासावेच लागेल. आरोपीलाही न्यायाचा हक्क आहे. पण झोपलेला माणूस गाडीपुढे धावत येत नाही! त्याचे घर कुठे, व्यसन काय, हे विचारण्याचा हेतू एकच : त्याच्या जिवाची किंमत कमी करणे.

बलात्काराच्या खटल्यात पीडितेचे चारित्र्य उकरून काढण्याची मुभा देणारे कलम १५५(४) संसदेने २००२ च्या दुरुस्तीने काढून टाकले. मग गरिबाच्या मृत्यूनंतर त्याच्या गरिबीची उलटतपासणी का चालू द्यायची?

म्हणून वस्तीत असा मृत्यू झाला तर कार्यकर्त्यांनी केवळ मोर्च्यावर थांबू नये. न्यायालयाच्या परवानगीने नातेवाइकांना सरकारी वकिलाच्या मदतीला आपला वकील देता येतो. तो द्यावा. असा प्रश्न आला की त्याने सरकारी वकिलाला तिथल्या तिथे हरकत घ्यायला लावावी : हा प्रश्न वादातल्या कोणत्या बाबीशी संबद्ध आहे? नुसत्या अपमानासाठी विचारलेला प्रश्न रोखणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे. हरकत घेतलीच नाही, तर ते उत्तर नोंदीत जाते आणि मेलेला माणूस ते खोडायला येत नाही.