आराखड्यात नसलेल्या फळ्या

घरी ‘त्रिंकोमाली’ या युद्धनौकेचं मॉडेल बांधायला घेणाऱ्याला लाकडाला हात लावण्याआधी एक साल ठरवावं लागतं. १८१७ साली मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरली ती त्रिंकोमाली बांधायची, की १८४७ साली पोर्ट्समथहून कामगिरीवर निघाली ती? पठाण, म्हणजे जहाजाचा तळकणा, तोच, पोटाचा घेर तोच. पण मधल्या काळात इंग्लंडमध्ये तिच्या पिछाडीचा आकार बदलला होता आणि तोफा कमी करून २६ वर आणल्या होत्या. मी १८१७ निवडलं. त्या सालच्या जहाजाचा सांगाडा नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, पिछाडीपर्यंत मुंबईच्या सुतारांच्या हातचा आहे.

हे जहाज आजही पाण्यावर आहे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल बंदरात ते उभं असतं, आणि तरंगत्या युद्धनौकांत युरोपात त्याहून जुनी दुसरी नाही. दोनशे वर्षांत ते राखीव ताफ्यात पडून राहिलं, अटलांटिकमध्ये गुलामांच्या व्यापारावर पहारा करत फिरलं, पॅसिफिकच्या ताफ्यात गेलं. १८९७ मध्ये ते भंगारात विकलं गेलं, पण जॉर्ज व्हीटली कॉब या गृहस्थांनी विकत घेऊन वाचवलं. मग ‘फूद्रुआयाँ’ या नावाने १९८६ पर्यंत त्यावर मुलांना दर्यावर्दीपणाचे धडे दिले गेले, आणि १९९२ मध्ये जुनं नाव परत मिळालं.

त्याच्या आकाराची कुळी ऐकण्यासारखी आहे. फ्रेंच नौकाशिल्पी झाक-नोएल साने याने ‘एबे’ नावाची फ्रिगेट आखली. १७८२ मध्ये इंग्रजांनी ती पकडली आणि तिच्या रेषांवरून स्वतःची ‘लीडा’ बांधली, ती १८०० साली पाण्यात गेली. त्याच वर्गातली त्रिंकोमाली मुंबईत बांधायचा हुकूम १८१२ मध्ये निघाला, कारण नेपोलियनच्या युद्धांत ब्रिटनचा ओक संपत आला होता. तिचे आराखडे ‘जावा’ या जहाजातून मुंबईला निघाले. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याबाहेर अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने जावाचा नाश केला, आराखडे गेले, आणि नव्या प्रती पाठवाव्या लागल्या. पठाण बसला तो १८१६ मध्ये. ज्या युद्धासाठी जहाज हवं होतं ते तोवर संपलेलं होतं.

मुख्य बांधणीकार होते जमशेटजी बोमनजी वाडिया. त्यांचे पूर्वज लवजी नसरवानजी १७३६ साली सुरतेहून कारागिरांसह मुंबईला आले, आणि गोदीचा कारभार पिढ्यानपिढ्या या घराण्याकडे राहिला. पारशी रिवाजाप्रमाणे त्रिंकोमालीच्या पठाणात चांदीचा खिळा ठोकला गेला. मलबारातून आलेला साग, खर्च सुमारे २३,००० पौंड. १२ ऑक्टोबर १८१७ ला ती पाण्यात उतरली. त्यानंतर चोवीस दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, पेशव्यांचं सैन्य आणि इंग्रज खडकीला समोरासमोर आले. मुंबईच्या गोदीतलं हे काम आणि घाटावरचं मराठी राज्य बुडणं एकाच ऋतूतलं आहे; मराठी माणसाला हे मॉडेल करताना ही तारीख विसरता येत नाही.

आता आराखड्याकडे येऊ. ब्रिटिश नौदलाच्या जहाजांचे मूळ आराखडे ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात जपलेले आहेत. त्यांत जहाज तीन बाजूंनी दिसतं: कडेने, वरून आणि समोरून. एकास चौसष्ट हे माप धरलं, तर सुमारे १५० फुटांचा तोफांचा मजला ७१ सेंटिमीटरांत बसतो आणि ४० फुटांची रुंदी १९ सेंटिमीटरांत. पुढे झेपावलेली काठी धरली तर सगळं मीटरभराचं होतं. समोरून दिसणाऱ्या छेदांच्या प्रती प्लायवूडवर चिकटवायच्या, कापायच्या, पठाणाच्या खाचांत काटकोनात बसवायच्या. मग एक लवचिक पट्टी नाळेपासून पिछाडीपर्यंत टेकवून पाहायची. ती या प्लायवूडच्या प्रत्येक पडद्याला पुरी टेकेपर्यंत कडा घासत राहायचं.

इथवर कागद बोट धरून नेतो. फळ्या बसवायची वेळ आली की तो गप्प होतो. अशा बहुतेक आराखड्यांत एकही फळी काढलेली नसते. जहाजाचं पोट कसं असावं ते नौदलाने ठरवलं. ते कोणत्या फळ्यांनी झाकायचं ते सुताराने. या मॉडेलचा खरा अभ्यास मला इथे दिसतो.

अडचण साधी आहे आणि तीच सगळ्यांत अवघड आहे. जहाजाच्या मध्यावर पठाणापासून काठापर्यंतचा घेर सर्वांत मोठा असतो, नाळेशी तो खूपच कमी होतो. फळ्यांची संख्या दोन्हीकडे साधारण तीच ठेवायची, तर प्रत्येक फळी पुढे निमुळती व्हायला हवी. खाली पिछाडीकडे उलटं होतं: तिथे पृष्ठभाग पसरतो आणि मधे जादा फळी घालावी लागते. शिवाय फळी नुसती निमुळती करून भागत नाही. जहाजावर सरळ दिसणारी फळी सोडवून टेबलावर ठेवली तर केळ्यासारखी वाकडी असते. म्हणून रुंद पातळ पत्र्यासारख्या लाकडातून ती त्या वळणानेच कापायची, नाहीतर ओली करून गरम हत्याराने कडेवर वाकवायची. आणि एक नियम खऱ्या गोदीतला: फळी मूळ रुंदीच्या निम्म्याहून बारीक करायची नाही. टोकदार फळीत खिळा धरत नाही, तिच्या फटीत ठोकलेला काथ्या राहत नाही. निम्म्यावर आली की ती शेजारच्या फळीत खाच करून संपवायची.

तयार संचातल्या बहुतेक सूचना हा भाग टाळतात. फळ्या टोकदार करा, उरलेल्या जागा पाचरांनी भरा, वर दुसरा थर येणारच आहे, असं त्या सांगतात. मला ते पटत नाही. वरचा थर झाकतो ते खरं. पण ज्या सुतारांची नावं कुठल्याच वहीत आपल्याला भेटत नाहीत, त्यांची अक्कल या फळ्यांच्या मांडणीतच आहे. सुरतेचे सुतार फळ्यांच्या कडा एकमेकींत खोबणीने बसवत, हे अठराव्या शतकातल्या युरोपीय प्रवाशांनी नवलाने लिहून ठेवलं आहे. तीच परंपरा घेऊन लवजी मुंबईला आले होते. घरच्या टेबलावर चार मिलिमीटरची पट्टी नाळेवर नीट बसते, तेव्हा त्या हातांनी काय सोडवलं होतं ते कळतं.

लाकडाबद्दल. खऱ्या जहाजाला साग उत्तम: ओकमधलं आम्ल लोखंडी खिळे खातं, सागातलं तेल त्यांना सांभाळतं. मॉडेलला मात्र तो जड जातो, कारण त्याचे तंतू आणि छिद्रं चौसष्टपट लहान होत नाहीत. युरोपात पेअर आणि बॉक्सवूड वापरतात. आपल्याकडे हेद, म्हणजे हळदू, पिवळसर आणि बारीक पोताचा असतो. दिसणाऱ्या फळ्यांसाठी तो चांगला. फळ्यांतल्या बारीक मेखा बांबूच्या कराव्यात.

पाण्याखालच्या भागावर तांब्याचे पत्रे येतात. त्या काळचा पत्रा चार फूट लांब, चौदा इंच रुंद असे. मॉडेलवर तो १९ मिलिमीटर लांब आणि साडेपाच मिलिमीटर रुंद होतो. दोरांची मापं त्या काळी घेरात सांगत. आठ इंच घेराचा दोर या मापात एक मिलिमीटर जाडीचा होतो. डोलकाठीला आधार देणाऱ्या दोरांवर चढायच्या पायऱ्या पाच पाच मिलिमीटरवर येतात, प्रत्येक छेदाला खुंटगाठ. इथे धीर लागतो, बाकी काही नाही.

मराठी माणूस गुराब सोडून इंग्रजांचं जहाज का बांधतो, असं विचारतात. आंग्र्यांच्या आरमारातल्या गुराबा आणि गलबतं बांधणाऱ्या मिस्त्रींनी कागदावर काम केलं नाही; माप डोळ्यात आणि हातात होतं. म्हणून आज गुराबेचं मॉडेल चित्रांवरून आणि वर्णनांवरून बेतावं लागतं. फ्रान्सचे नौदल अधिकारी फ्रान्स्वा-एदमों पारी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगप्रवासात जिथे थांबले तिथली देशी जहाजं मोजून काढली, त्यांत आपल्या किनाऱ्यावरची पत्तेमारीही होती. त्यांच्या आराखड्यांवरून पॅरिसच्या संग्रहालयात मॉडेलं झाली. कोकणात आजही किनाऱ्याला लावलेले लाकडी सांगाडे दिसतात, त्यांचं मोजमाप याच रीतीने होऊ शकतं. पठाणाला समांतर ताणलेली दोरी, ओळंबा, टेप, लवचिक पट्टी आणि वही एवढं पुरे. ठरावीक अंतरावर दोरीपासून फळीपर्यंतची रुंदी वेगवेगळ्या उंचीला घ्यायची, फळ्यांच्या कडा आणि सांधे खडूने खूण करून मोजायचे. दोघांनी मिळून, ओहोटी लागली की सुरुवात करावी.