डिझाइनचा नवा धंदा : फुकट काम कुणाला द्यायचं, किती द्यायचं आणि कुठे थांबायचं? जाणून घ्या सविस्तर

तालुका प्रतिनिधी : कॉम्प्युटरचा कोर्स केलेली गावाकडची पोरं-पोरी आता घरी बसून बॅनर, लग्नपत्रिका, लोगो आणि स्टेटसच्या पोस्ट बनवू लागली आहेत. जुना लॅपटॉप आणि नेट असलं की काम सुरू करता येतं. अडचण येते ती पहिलं गिऱ्हाईक मिळवताना. दुकानदार म्हणतो, "आधी केलेलं काम दाखव." दाखवायला काही नसतं, म्हणून सुरुवात फुकट कामापासून होते. मित्राच्या वाढदिवसाचं बॅनर, मंडळाचं पावती पुस्तक, पुढाऱ्याच्या अभिनंदनाची पोस्ट. सहा महिने होतात, काम वाढतं, पण पैसा येत नाही. मग घरचे विचारतात, "हा धंदा आहे की नाद?"

फुकट काम करणं चुकीचं नाही. जत्रेतला पेढेवालासुद्धा चव बघायला तुकडा देतो. पण तो तुकडाच देतो, किलोभर पेढे देत नाही. डिझाइनच्या धंद्यातही हाच हिशोब ठेवावा लागतो.

फ्लेक्स दुकानाशी स्पर्धा नको

तालुक्याच्या गावी फ्लेक्सचे पैसे चौरस फुटावर घेतले जातात. बऱ्याच दुकानांत डिझाइन त्यातच करून मिळतं, वेगळे पैसे लागत नाहीत. त्यामुळे डिझाइन फुकटच असतं, असा लोकांचा समज झाला आहे. नव्या मुलाने वाढदिवसाची बॅनरं फुकट केली, तर तो समज आणखी पक्का होतो. शिवाय बॅनर चार दिवसांत उतरतं आणि त्याच्याबरोबर केलेलं कामही लोकांच्या नजरेआड जातं.

मोफत काम द्यायचंच असेल, तर जे वर्षभर लोकांच्या हातात राहील आणि जे फ्लेक्स दुकानात सहसा घाईत होतं, ते निवडावं. बचत गटाच्या पापड-मसाल्याचं लेबल, गूळ किंवा हळदीच्या पाकिटाचं डिझाइन, हॉटेलचं मेनू कार्ड, रोपवाटिकेची दरपत्रिका, कृषी सेवा केंद्राचं व्हिजिटिंग कार्ड, अशी ही कामं आहेत.

लेबलचंच उदाहरण घ्या. खाण्याच्या पाकिटावर नुसता फोटो आणि नाव टाकून भागत नाही. त्यात काय काय घातलंय, निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, शाकाहारी असल्यास हिरवी खूण आणि १४ अंकी एफएसएसएआय नंबर लागतो. ही माहिती नीट बसवून देणारं कुणी आहे हे एका गटाला कळलं, की दुसरा गट आपणहून विचारतो. तिथे पैसे मागायला संकोच वाटत नाही.

बोलणी आधी, काम नंतर

फुकट कामात वाद होतात ते आधी न बोलल्यामुळे. काम हातात घेण्यापूर्वी व्हॉट्सॲपवर असा मेसेज टाकून ठेवावा :

"ताई, या लेबलचे माझे ८०० रुपये होतात. नवीन सुरुवात आहे म्हणून पहिलं लेबल तुमच्या गटाला मोफत. दोन वेळा बदल करून देईन. कोपऱ्यात बारीक अक्षरात माझं नाव-नंबर राहील. पुढचं लेबल याच दराने होईल."

रक्कम आपापल्या कामाप्रमाणे ठरवावी, पण ती लिहावीच. बिलावरही आधी दर टाकून खाली तेवढीच सूट दाखवावी. दर न सांगता दिलेल्या वस्तूची किंमत समोरच्याच्या मनात शून्य धरली जाते. पुढच्या वेळी पैसे मागितले, की "मागे तर तसंच दिलं होतंस" हे ऐकून घ्यावं लागतं.

मोबदल्यात पैसे नाहीत, पण काही गोष्टी मागून घ्याव्यात. छापून आलेल्या पाकिटाचा किंवा बोर्डाचा फोटो, तो आपल्या स्टेटसला लावायची परवानगी आणि ओळखीच्या दोन धंदेवाल्यांचे नंबर.

फाइल आणि हक्क

काम मंजूर होईपर्यंत कमी साइजचा, वर आडवं नाव टाकलेला जेपीजीच पाठवावा. छपाईची फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, नाहीतर फोटो दाबला जाऊन छपाईत अक्षरं फाटतात. कोरलड्रॉ किंवा फोटोशॉपची मूळ फाइल मात्र स्वतःकडेच ठेवावी.

कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे डिझाइनचा हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा, तर तो लेखी आणि सहीनिशी करावा लागतो. लोगो देताना हे दोघांनाही माहीत असावं. उद्या गटाचा माल मोठ्या बाजारात गेला, तर लोगो कुणाचा यावरून भांडण नको. गुगलवरून उचललेला फोटोही लेबलवर टाकू नये. तो दुसऱ्या कुणाच्या मालकीचा असू शकतो. मराठी अक्षरांसाठी मुक्त, बलू यांसारखे फॉन्ट मोफत मिळतात आणि धंद्यासाठी वापरता येतात.

कुठे थांबायचं?

आकडा सुरुवातीलाच ठरवावा. तीन वेगवेगळ्या धंद्यांची तीन कामं मोफत, चौथ्यापासून दर लागू. दुरुस्त्यांसह एका कामाला चार तास धरले, तरी तीन कामांना १२ तास जातात. एवढं भांडवल परवडतं. हीच कामं तीस झाली, तर १२० तास गेले. तेवढ्या वेळात शेतमजुरीचे १५ दिवस भरले असते.

खरी कसोटी नात्यातल्या माणसांची असते. "भाचा आहेस, तुला काय पैसे द्यायचे?" असं मामाच म्हणाला, तर नाही म्हणणं जड जातं. अशा वेळी पाहुण्यांसाठी वेगळा, थोडा कमी दर ठरवून ठेवावा आणि तो सगळ्यांना सारखाच लावावा. एकाला फुकट दिलं, की ती बातमी संध्याकाळपर्यंत भावकीत पोचते. पुढाऱ्यांच्या कार्यकर्त्यांनाही हेच सांगावं आणि निम्मे पैसे आधी घ्यावेत.

तीन मोफत कामांनंतर महिनाभरात पैसे देणारं एकही गिऱ्हाईक आलं नाही, तर चौथं मोफत काम करण्याऐवजी दर, कामाचा प्रकार किंवा गिऱ्हाईक बदलून बघावं.

धंदा जम धरू लागला, की उद्यम नोंदणी करून घ्यावी. सरकारी पोर्टलवर आधार नंबरवरून ती होते आणि तिला फी लागत नाही. त्यासाठी कुणी सरकारी फी म्हणून पैसे मागत असेल, तर देऊ नयेत.