बाणासारख्या चौकोनात १४० अंश गायब कसे होतात?

मोबाइलवर रस्ता शोधताना नकाशावर सरकणारा बाण आठवा. पुढे टोक, मागे दोन पंख आणि पंखांच्या मधोमध आत गेलेली खाच. बाजू चार, कोपरेही चार. म्हणजे हा चक्क चौकोन आहे!

शाळेत शिकलेला नियम सांगतो की चौकोनाच्या चारही कोनांची बेरीज ३६० अंश असते. पण असा बाण कागदावर काढून कोन मोजायला घेतले की अनेकांचा गोंधळ उडतो. समजा, टोकाचा कोन ५० अंश, दोन्ही पंखांचे कोन प्रत्येकी ३० अंश आणि खाचेचा कोन ११० अंश भरला. बेरीज झाली फक्त २२०. मग उरलेले १४० अंश गेले कुठे?

चूक नेमकी कुठे होते?

नियम बरोबर आहे, पण खाचेचा कोन चुकीच्या बाजूने मोजला गेला. कंपासपेटीतला कोनमापक अर्धगोल असतो आणि १८० अंशांपर्यंतच मोजतो. त्यामुळे आपण खाचेतला रिकामा भाग मोजतो. तो भाग चौकोनाच्या बाहेर असतो.

चौकोनाच्या आतला कोन त्याच कोपऱ्याला उरलेला वळसा घालतो. ३६० वजा ११०, म्हणजे २५० अंश. आता बेरीज करा: ५० + ३० + ३० + २५० = ३६०. हिशोब जुळला.

१८० अंशांपेक्षा मोठ्या, पण ३६० अंशांपेक्षा लहान कोनाला प्रविशाल कोन म्हणतात. असा कोन असलेला चौकोन म्हणजे अंतर्वक्र चौकोन. एका चौकोनात असे दोन कोन असूच शकत नाहीत, कारण त्या दोघांचीच बेरीज ३६० च्या पुढे जाईल.

एक सोपी युक्ती

वरचे आकडे पुन्हा बघा. ५० + ३० + ३० = ११०. खाचेचा बाहेरचा कोनही ११०! हा योगायोग नाही. प्रत्येक बाणात खाचेचा बाहेरचा कोन उरलेल्या तीन कोनांच्या बेरजेइतकाच असतो.

असं का होतं? बाणाच्या टोकापासून खाचेपर्यंत सरळ रेघ ओढा. बाणाचे दोन त्रिकोण होतील. आता तीच रेघ खाचेच्या पुढे वाढवा. खाचेचा बाहेरचा कोन दोन भागांत विभागला जाईल आणि प्रत्येक भाग त्या बाजूच्या त्रिकोणाचा बाह्यकोन असेल. त्रिकोणाचा बाह्यकोन त्याच्या दोन दूरस्थ आंतरकोनांच्या बेरजेइतका असतो. म्हणजे एका बाजूला अर्धं टोक आणि डावा पंख, दुसऱ्या बाजूला उरलेलं टोक आणि उजवा पंख. दोन्ही भाग एकत्र केले की तिन्ही कोन हाती येतात.

पंख लहान-मोठे असले, बाण तिरका असला, तरी हे बदलत नाही. टोकाचे दोन तुकडे समान नसले तरी त्यांची बेरीज तीच राहते.

या बाणाचा उपयोग काय?

१९७० च्या दशकात ब्रिटिश गणितज्ञ रॉजर पेनरोज यांनी ‘पतंग’ आणि ‘बाण’ अशा दोनच आकारांच्या फरश्या शोधल्या. ठरावीक नियमाने जोडल्यास त्या कितीही मोठी जमीन फट न ठेवता झाकतात, पण एकच नक्षी ठरावीक अंतराने जशीच्या तशी पुढे चालू राहत नाही. त्यातल्या बाणाचे कोन आहेत ३६, ७२, ३६ आणि २१६ अंश. युक्ती लावून बघा: ३६ + ७२ + ३६ = १४४, आणि ३६० वजा २१६ सुद्धा १४४.

१९८२ मध्ये डॅन शेख्टमन यांना एका मिश्रधातूत अणूंची अशीच शिस्तबद्ध, पण पुनरावृत्ती नसलेली रचना आढळली. असे स्फटिक तोवर अशक्य मानले जात. या शोधासाठी त्यांना २०११ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता तुमची पाळी

टोक ४० अंश, एक पंख २५ आणि दुसरा ३५ अंश. चौकोनाच्या आतला खाचेचा कोन किती? उत्तर १०० आलं असेल, तर तुम्ही अजून बाणाच्या बाहेरच उभे आहात. आत या, तिथे २६० अंश आहेत.